वाळवशील तर ओतशील

भाचेबुवा, मोटारीचं झाकण फुटलं म्हणून घरच्या शेडमध्येच ॲल्युमिनियम ओतायचं मनावर घेतलंस, हे ऐकून बरं वाटलं. रावेरात केळीच्या बागा आहेत तोवर मोटारी जळणार, झाकणं फुटणार, पुल्या तुटणार, आणि एवढ्याशा भागासाठी भुसावळ-जळगावच्या चकरा होणार. तेव्हा नाद कामाचा आहे. फक्त फोनवरच्या व्हिडिओत सगळं दहा मिनिटांत होतं, तसं इथं होत नाही. तुझी मामी चैत्रात कुरडया-पापड घालते ना, तशातलं हे काम आहे. ओतायला दोन मिनिटं लागतात. बाकीचा वेळ चाळण्यात, सुकवण्यात आणि गप्प थांबण्यात जातो. तुला थांबणं जमत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे लिहून देतो. भिंतीवर चिकटव.

आधी भंगाराचं.

१. गॅरेजवाल्याशी गोडी ठेव आणि जुने पिस्टन मागून घे — पिस्टनच्या धातूत सिलिकॉन भरपूर, बहुतेकदा दहा-बारा टक्के असतं, त्यामुळे रस पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो आणि गोठताना कमी आकसतो.

२. पिस्टनची पिन, सर्कलिप, रिंगा आधी काढ — लोखंड भट्टीत वितळत नाही, पण रसात बसून राहिलं की थोडंथोडं विरघळतं आणि ओतीव ठिसूळ होतं.

३. सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या आणि मामीचं जर्मनचं पातेलं या दोन्हींपासून लांब राहा — पट्ट्यांत सिलिकॉन नावापुरतं, रस जड वाहतो आणि भाग गरम असतानाच तडकतो. पातेल्याचं कारण मामी सांगेल.

४. कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या मोहात पडू नकोस — पत्रा पातळ, वर रंग, त्यातला बराचसा माल मळी होऊन वर येतो आणि हातात पडतो तो धूर.

५. तुकडा हातात घेताच 'अरे, किती हलका' असं वाटलं, तर आधी संशय घे. चेनसॉचं कव्हर, काही लॅपटॉपचे सांगाडे मॅग्नेशिअमचे असतात. फाइलनं घासून उघड्या जागी व्हिनेगरचा थेंब टाक, फसफसलं तर बाजूला ठेव — मॅग्नेशिअम पेटलं की पांढऱ्याफटक ज्वाळेनं जळतं आणि पाण्यानं आणखी भडकतं.

६. फार जड लागला तरी संशय घे. जुने कार्बोरेटर, नळाच्या मुठी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात — जस्त ४२० अंशांना वितळतं, तापलं की त्याचा पांढरा धूर निघतो, आणि रात्री थंडी-ताप भरून येतो.

७. बंद पोकळ वस्तू कापून किंवा भोक पाडूनच भट्टीत घाल, मग ती शॉकॲब्सॉर्बरची नळी असो की दोन्ही तोंडं चेपलेला पाइप. स्प्रेचा डबा तर भट्टीजवळसुद्धा नको — आत कोंडलेली हवा, तेल नाहीतर ओल तापली की बाहेर यायला वाट शोधते, आणि ती वाट तुझ्या तोंडाकडे असते.

८. पहिल्या दिवशी नुसत्या लाद्या पाड, भाग ओतू नकोस — तेल, रंग, माती, सगळी घाण पहिल्याच वितळण्यात निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी हातात स्वच्छ माल असतो. कशाच्या लाद्या आहेत ते खडूनं नाही, छिन्नीनं कोर.

भंगाराला कमी लेखू नकोस हो. पहिल्या महायुद्धात कच्चं बीड मिळेना तेव्हा किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कोल्हापूरकडच्या जुन्या तोफा मिळवून वितळवल्या आणि त्यांचे नांगर ओतले. फरक एवढाच की आपण काय वितळवतो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ओळख नसलेलं भंगार आणि ओळख नसलेला जावई, दोन्ही घरात घेण्याआधी ठोकून बघावेत.

आता ज्याच्यासाठी हा सगळा कागद लिहायला घेतला ते. पाणी. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, आपण ओततो ७०० ते ७५० च्या दरम्यान. अशा रसाखाली चमचाभर पाणी अडकलं तर ते शांतपणे उकळत बसत नाही. ते वरचा सगळा रस उचलून फेकतं. भट्टीत गेलेला थेंब छपरातून बाहेर पडतो, असं समज.

९. प्रत्येक लादी, प्रत्येक तुकडा मुशीत जाण्याआधी भट्टीच्या काठावर तापवून घे — कोरडा दिसणारा तुकडा कोरडा असतोच असं नाही. भेगेत, पेचाच्या भोकात, तेलाच्या थराखाली ओल लपून बसते.

१०. मुशीत रस झालेला असेल तेव्हा नवा तुकडा सांडशीत धरून हलकेच सोड, वरून टाकू नकोस — उडालेला थेंब परत मुशीत पडत नाही.

११. मळी काढायची पळी, ढवळायची सळई, लाद्यांचा साचा हे सगळं वापरण्याआधी भट्टीच्या तोंडाशी चांगलं गरम कर — थंड लोखंडावर हवेतली ओल बसलेली असते, ती डोळ्याला दिसत नाही.

१२. गंजलेला साचा आधी घासून लख्ख कर — गंज आणि ॲल्युमिनियम यांचं जुनं वैर आहे. रेल्वेचे रूळ जोडायला जे थर्माइट वापरतात त्यात याच दोघांचं भांडण लावून देतात.

१३. सिमेंटच्या कोब्यावर उभा राहून ओतू नकोस. खाली चार बोटं कोरड्या वाळूचा थर पसर — कोब्यात ओल मुरलेली असते. रस सांडला की कोबा तडतडून फुटतो आणि रसासकट खडे उडतात.

१४. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा भट्टी लावायचीच असेल तर पहाटे लाव आणि कपाळाला पंचा घट्ट बांध — मुशीवर वाकलेल्या माणसाचा घामसुद्धा पाणीच असतो.

१५. पावसाळ्यात ओतकाम बंद ठेव, पॅटर्न (वाळूत ठसा उमटवायचे भागाचे नमुने) करत बस — दमट हवेतून रसात हायड्रोजन मुरतो आणि ओतीव आतून सच्छिद्र निघतं. दिवाळी ते होळी हा आपला खरा हंगाम.

१६. फ्लक्स किंवा मीठ वापरत असशील तर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव आणि वापरण्याआधी तव्यावर भाजून घे — मीठ हवेतलं पाणी पितं, हे लोणच्याच्या बरणीनं तुला शिकवलं असेल.

१७. शेडमध्ये पाण्याची बादली हाताशी असावी असं वाटतं, पण भट्टीजवळ ठेवायची ती कोरड्या वाळूची. पाणी दाराबाहेर, माणसासाठी — रसावर पाणी मारणारा माणूस आग विझवत नाही, वाटतो.

भट्टी आणि मुशीबद्दल फार सांगत नाही, कारण त्या तू कुठून तरी बघून बनवणारच आहेस. पण एवढं ऐक.

१८. भट्टीच्या आतल्या अंगाला फायरब्रिक किंवा रिफ्रॅक्टरीचंच अस्तर दे, साधं सिमेंट थापू नकोस — सिमेंटनं धरून ठेवलेलं पाणी उष्णतेनं सुटतं आणि अस्तर ढलप्या टाकत फुटतं.

१९. नवं अस्तर आधी सावलीत सुकव, मग दोन-तीन दिवस बारीक विस्तवावर — एकदम धडाक्यानं पेटवलंस तर महिन्याची मेहनत तासात तडकेल.

२०. मूस ग्राफाइटची घे. लोखंडी डबा कापून केलेली मूस एक-दोनदा चालते म्हणून भरवसा ठेवू नकोस — पातळ ॲल्युमिनियम लोखंडाला आतून खातं आणि एक दिवस तळ भट्टीतच उरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर अजिबात नको.

२१. मुशीत लाद्या सैल आणि उभ्या लाव, आडव्या ठोकून बसवू नकोस — तापताना ॲल्युमिनियम ग्राफाइटपेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि मुशीला आतून रेटून चीर पाडतं.

२२. काम संपलं की उरलेला रस लादीच्या साच्यात ओतून मूस रिकामी कर — मुशीत गोठलेला गड्डा पुढच्या वेळी तापला की वितळण्याआधी फुगतो. वरच्या ओळीतलंच कारण, दुसऱ्या दाराने आलेलं.

२३. ब्लोअरला हातानं फिरवायचा पंखा जोडीला ठेव — शेतीच्या लाइनची वेळ तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. निम्मा रस झाला की नेमकी जाते.

२४. घरगुती सिलिंडर भट्टीला लावू नकोस. कायद्यानंही तो स्वयंपाकापुरताच आहे — शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो आणि नाकाला उशिरा कळतो.

२५. कोळशाची भट्टी चालू असताना शेडची दोन्ही दारं उघडी हवीत — कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डोकं जड झालं, मळमळलं तर 'उन्हानं झालं' म्हणू नकोस, बाहेर ये.

२६. पऱ्हाट्या आणि तुरखाट्या भरताच्या वांग्यांसाठी ठेव — भडकतात झकास, पण आच टिकत नाही. मुशीला एकसारखी, धरून राहणारी आच लागते. भट्टी थंड झाल्यावर भरताचा बेत असेल तर मला निरोप दे.

२७. भट्टीच्या आसपास वाळक्या केळीच्या पानांचा ढीग नको — कुठं पडायचं हे ठिणगी आधी विचारत नाही.

अंगावरच्या कपड्यांवरून तू हसशील. खुशाल हस, पण घाल.

२८. सुती कपडे घाल, टेरिलीन किंवा नायलॉन नको — सुती कापड जळतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

२९. पायात चामडी बूट, आणि पँट बुटाच्या बाहेरून, आत खोचलेली नको — सांडलेला थेंब सरळ खाली घसरला पाहिजे, बुटात उतरून बसायला नको. चपलेतला मिस्त्री डॉक्टरच्या लवकर ओळखीचा होतो.

३०. तोंडावर आडपडदा म्हणून शिल्ड आणि हातात कोरडे चामडी मोजे — घामानं भिजलेला मोजा गरम सांडशी धरली की आतल्या आत वाफ सोडतो आणि हात शिजवतो.

३१. रसाचा रंग बघून तापमान ठरवू नकोस — लोखंड लाल होऊन बजावतं, ॲल्युमिनियम उजेडात ओतायच्या वेळीही चांदीसारखंच दिसतं. लांबून मोजायची इन्फ्रारेड बंदूकही चकचकीत धातूवर शेकडो अंश कमी दाखवते. के-टाइप थर्मोकपल घे, तेवढा खर्च कर.

३२. त्याच कारणानं शेडमधला प्रत्येक तुकडा गरमच आहे असं धर आणि ओतलेल्या भागांवर खडूनं 'गरम' लिहून ठेव — दिसतं थंड, हात लावला की दंड.

३३. पोरंटोरं, कुत्रं आणि बघायला आलेले शेजारी यांच्यासाठी दाराबाहेर दोरी बांध. आत मात्र एक जाणता माणूस कायम हवा — एकट्यानं ओतू नये, आणि गर्दीतही ओतू नये.

३४. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धर. टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. चिकटलेलं कापड ओढू नकोस. मग सरळ ग्रामीण रुग्णालय, जास्त असेल तर १०८ — लेप लावला की उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला आधी तो खरवडावा लागतो.

आता वाळू. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण भट्टीत फार तर बोट भाजतं, पण काम बिघडतं ते वाळूत.

३५. वाळू बारीक चाळणीतून काढ, दोनदा. तापीची वाळू असेल तर आधी धुऊन गाळ काढ आणि उन्हात खडखडीत वाळव — ओतीवाच्या अंगावर वाळूचा कण न् कण उमटतो. चाळताना नाकावर चांगला मास्क हवा, वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही. फाउंड्रीतल्या जुन्या कामगारांना सिलिकोसिस होतो तो यानंच.

३६. शंभर भाग वाळूला आठ-दहा भाग बेंटोनाइट आणि तीन-चार भाग पाणी. पाणी एकदम ओतू नकोस, शिंपड, मळ, झाकून रात्रभर मुरू दे — चिकणमातीला पाणी प्यायला वेळ लागतो, आणि तोवर तुला वाटतं की अजून पाणी हवं. वाळूला पाणी चमच्यानं, घाईला अजिबात नाही.

३७. झाली की नाही हे मुठीला विचार. मूठभर घे, दाब, उघड. बोटांच्या वळ्या गोळ्यावर स्पष्ट उमटलेल्या दिसल्या पाहिजेत. मग दोन्ही हातांनी गोळा मधोमध मोड. कडा धारदार राहिल्या आणि तळवा जवळजवळ कोरडा असला तर झाली. तळव्याला चिखल लागला तर पाणी जास्त, कडा भुरभुरल्या तर कमी — हा हिशेब वजनकाट्यापेक्षा खरा, कारण वाळू रोज वेगळी असते.

३८. बेंटोनाइट मिळालं नाही तर शेतातली काळी माती वापरता येईल का, असं विचारशील. चिकटपणा दोन्हींत एकाच जातीच्या खनिजाचा, मॉन्टमोरिलोनाइटचा. उन्हाळ्यात आपल्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्याच्यामुळेच. पण तरी कच्छचं किंवा राजस्थानचं बेंटोनाइट पिशवीभर आण — काळ्या मातीत चुनखडी आणि कुजका पाला असतो, तापला की वायू सोडतो आणि ओतीवाला भोकं पडतात. अगदी अडलं तर माती वस्त्रगाळ कर आणि पहिला प्रयोग बिनमहत्त्वाच्या भागावर कर.

३९. पॅटर्न भागापेक्षा शंभराला सव्वा मिलिमीटर मोठा कर, आणि जिथं लेथवर घ्यायचं आहे तिथं आणखी दोन-तीन मिलिमीटर ठेव — धातू थंड होताना आकसतो. 'बरोब्बर मापाचा' पॅटर्न म्हणजे छोटं झाकण.

४०. पॅटर्नच्या उभ्या बाजूंना अंश-दोन अंश उतार दे आणि आतले कोपरे पुट्टीनं गोल कर — उतार नसेल तर पॅटर्न काढताना वाळू सोबत येते, आणि टोकदार कोपऱ्यातूनच भाग तडकतो.

४१. पॅटर्नवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरव, पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून — वाळू चिकटत नाही, आणि देवघराच्या कोनाड्यात ती कधी ना कधी सापडतेच.

४२. वाळू कडेला घट्ट ठोक, पॅटर्नवर हलक्या हातानं, आणि मग सायकलच्या स्पोकनं जागोजागी वायूची भोकं पाड, पॅटर्नपासून बोटभर वर थांबत — दगडासारखी ठोकलेली वाळू श्वास घेत नाही. वाफेला वाट दिली नाहीस तर ती तुझ्या भागातून काढते.

४३. भागाचा जाड ठोकळा जिथं असेल तिथंच रायझर (जादा रसाचा खांब) लाव, आणि रायझर त्या ठोकळ्यापेक्षा जाड कर — जाड भाग शेवटी गोठतो. शेजारी पातळ रस शिल्लक नसेल तर तो आतून पोकळ होतो किंवा वरून खचतो. रायझर वाया जात नाही, पुढच्या वेळची लादी आहे ती.

४४. थर्मोकोलचा पॅटर्न वाळूत तसाच पुरून त्यावर ओतायची सोपी युक्ती तू पाहिलीच असशील. कर, पण उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून — थर्मोकोलचा काळा धूर छातीत घ्यायचा नाही.

ओतायची वेळ आली. हात शिवशिवत असतील.

४५. आदल्या दिवशी रिकामी थंड मूस घेऊन पूर्ण रंगीत तालीम कर. झाकण कोण उचलणार, सांडशी कुठं बसते, पाय कुठं पडतात, मूस कुठं टेकवायची — तापलेली मूस हातात असताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं.

४६. सांडशी मुशीच्या मापाची हवी, पोटाखाली घट्ट धरणारी. काठाला चिमटा लावून उचलू नकोस — ग्राफाइटचा काठ तापल्यावर बिस्किटासारखा मोडतो.

४७. रस झाला की तासभर शिजवत ठेवू नकोस, उगाच ढवळू तर मुळीच नकोस — जितका गरम आणि जितका वेळ, तितका हायड्रोजन जास्त. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो गोठलेल्यापेक्षा सुमारे वीस पट मुरतो. गोठताना बाहेर पडायला जागा मिळाली नाही की टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून बसतो.

४८. मळी एकदाच काढ, अगदी ओतण्याआधी. काढलेली मळी ओल्या खड्ड्यात किंवा बागेत टाकू नकोस — पाणी लागलं की ती अमोनिया सोडते, नाकात झोंबणारा वास येतो. आणि मळीचा ढीग आतून बराच वेळ धगधगत असतो.

४९. मुशीचं तोंड साच्याच्या अगदी जवळ आण, धार बारीक पण अखंड ठेव आणि ओतायचं भोक सतत भरलेलं राहू दे — बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जॉन कॅम्बेल यांनी दाखवून दिलंय की हा रस सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा वेगानं धावला की वरचा ऑक्साइडचा पापुद्रा मोडून आत गुंडाळला जातो. तेवढा वेग यायला सव्वा सेंटिमीटरची उडी पुरते. म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी, भाचेबुवा, आणि तू फूटभर उंचीवरून ओतणार होतास.

५०. धार मध्येच थांबवू नकोस, रस कमी पडेल असं वाटलं तर आधीच जास्त वितळव — थांबलेल्या धारेच्या दोन बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. भाग अख्खा दिसतो आणि पहिल्या पेचाला दुभंगतो.

५१. ओतून झालं की साच्याची पेटी लगेच उघडू नकोस. हात धू, चहा पी, बागेत फेरी मार, हवं तर बट्टीचं पीठ मळ — नुकतंच गोठलेलं ॲल्युमिनियम खूप कच्चं असतं, उचललं तर स्वतःच्या वजनानं वाकतं किंवा तुटतं. घाईनं उघडलं, भंगारात परतलं.

साफसफाईत तीनच गोष्टी. रायझर करवतीनं काप आणि बेंच ग्राइंडरला लावू नकोस — मऊ ॲल्युमिनियम चाकाच्या छिद्रांत भरतं, चाक तापतं आणि फुटू शकतं. फाइल घासायची तर आधी तिच्यावर खडू घास, दातांत चुरा अडकत नाही. लेथवर घेताना थोडं रॉकेल लावलं की पृष्ठभाग आरशासारखा येतो, पण रॉकेल आणि भट्टी एका वेळी एका शेडमध्ये नको.

अमेरिकेत डेव्ह जिंजेरी नावाचा माणूस होता. त्यानं भंगारातून अख्खं वर्कशॉप उभं करायची पुस्तकांची मालिका लिहिली, आणि त्यातलं पहिलंच पुस्तक कोळशाच्या छोट्या भट्टीवर आहे. पुढच्या पुस्तकांत त्याच भट्टीवर ॲल्युमिनियम ओतून लेथ बनवलेलं आहे. म्हणजे वेडे सगळीकडे आहेत, तू एकटा नाहीस. आपल्याकडे हे शिस्तीत शिकायचं तर आयटीआयत फाउंड्रीमनचा ट्रेड आहे, आणि कधी कोल्हापूरला गेलास तर महालक्ष्मीचं दर्शन झाल्यावर उद्यमनगरात आणि शिरोलीच्या एमआयडीसीत फेरी मार. तिथला माणूस वाळू मुठीत घेऊन बघतो ते नुसतं पाहिलंस तरी या कागदाची निम्मी कलमं कळतील.

५२. प्रत्येक ओतकामाची वही ठेव. भंगार कुठलं, वाळूत पाणी किती, तापमान किती, हवा कशी, भाग कसा निघाला — चांगला निघालेला भाग का चांगला निघाला हे कळलं नाही, तर पुढचा तसा निघणं नशिबावर राहतं.

५३. काय ओतायचं याची यादी लांब कर: मोटारीचं पंख्याचं झाकण, मुठी, कंस, दिव्याचं बूड, अवजारांचे दस्ते. काय ओतायचं नाही तीही लिहून ठेव: मोटरसायकलचा ब्रेक लिव्हर आणि हँडलचे भाग, कुकरचा कुठलाही भाग, दाबाखालचं फिल्टरचं झाकण, कडबाकुट्टीची पुली, मिनिटाला अठ्ठावीसशे-एकोणतीसशे फेरे घेणारा पंपाचा इंपेलर आणि स्वयंपाकाची भांडी — घरच्या ओतीवात आतलं भोक बाहेरून दिसत नाही, आणि भंगारात शिसं होतं की नाही हे तुला सांगता येणार नाही. हे भाग दुकानातून आण. तिथं कंजुषी केलीस तर मी मामा नाही.

आणि पहिली भट्टी लावायची ठरली की आदल्या संध्याकाळी फोन कर. वाळू चाळायला मी येतो, ओतायला तू. येताना पिस्टन मी घेऊन येईन, गॅरेजवाला माझ्या जुन्या ओळखीचा आहे. तू फक्त बूट विकत घेऊन ठेव.